न पाडलेला मीटर

सकाळी पावणेसातला टॅक्सी कंपनीच्या आवारात चाळीस ड्रायव्हर पांढरे हातमोजे घालून दोन रांगांत उभे राहत. सेक्शन चीफ हिराइदे-सान एकेकाच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेत.

"मोरे-सान, आज लसूण."

"काल रात्री घरी चटणी केली होती."

"रात्रीची दारू नाही ना?"

"दारू प्यायलो असतो तर तुमच्याकडे तोंड करून उभा राहिलो असतो का?"

रांग हसली. हिराइदे-सानही हसले, आणि वहीत त्यांनी मोरे-सानांच्या नावापुढे खूण केली. एकोणीस वर्षं ती खूण प्रत्येक पाळीला होत आली होती.

मोरे-सान म्हणजे मोरेश्वर तांडेल. दाभोळ खाडीच्या काठावरचे. आडनाव कंपनीतल्या कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांच्या नावाचा पुढचा तुकडा तोडून घेण्यात आला. १९६८ साली ते मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून योकोहामाला आले. जहाज दुरुस्तीसाठी चार महिने अडकलं, आणि बंदराच्या कँटीनमध्ये भात वाढणारी साचिको नावाची मुलगी त्यांच्या ताटात रोज एक मूठ भात जास्त वाढू लागली. जहाज गेलं, मोरेश्वर राहिले. आधी गोदीत हमाली, मग ट्रकवर, आणि १९७७पासून टॅक्सी.

टॅक्सीसाठी इथे वेगळं लायसन्स लागतं, आणि शहराची परीक्षा द्यावी लागते. कुठल्या चौकातून कुठला पूल, कुठल्या इस्पितळाचं मागचं दार कुठल्या गल्लीत, सगळं. मोरेश्वरांना तेव्हा चित्रलिपीतली अक्षरं जेमतेम वाचता येत. त्यांनी नकाशा पाठ केला तो खाडी पाठ करतात तसा, भरतीला कुठून जायचं आणि ओहोटीला कुठून, या हिशेबाने. परीक्षेत वर्गातून दुसरे आले. पहिला आला तो योकोहामातच जन्मलेला होता, हे ते आवर्जून सांगत.

१९९६च्या फेब्रुवारीत, स्टेशनामागच्या उभ्याने खायच्या नूडलच्या दुकानात, कुरोइवा-सान नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने त्यांच्या वाटीशेजारी आपली वाटी ठेवली.

"मोरे, तुझं वय काय?"

"बावन्न."

"माझं एकाहत्तर. डावा डोळा गेलाय. सांगू नकोस कुणाला."

"मग गाडी कशी चालवता?"

"उजव्याने." त्यांनी सुर्रकन नूडल ओढले. "या वर्षी सोडतोय. माझा परवाना तू घेतोस?"

मोरेश्वरांच्या हातातल्या काड्या थांबल्या.

कुरोइवा-सानांची गाडी कंपनीची नव्हती. तिच्या छतावरच्या दिव्यावर 'कोजिन' अशी अक्षरं होती. कोजिन म्हणजे एकट्या माणसाची टॅक्सी. गाडी त्याची, वेळ त्याची, वर साहेब नाही. असे परवाने सरकार मोजून देतं. नवीन सहसा निघत नाही, जुना ड्रायव्हर सोडतो तेव्हा त्याच्या जागी एक माणूस बसतो. तो कोण, हे म्हाताऱ्याने सुचवायचं, पण ठरवायचं परिवहन खात्याच्या कचेरीने. दहा वर्षं स्टिअरिंगवर हवीत, गेल्या तीन वर्षांत एक अपघात नको, एक दंड नको, टॅक्सीच्या नियमांचं एक उल्लंघन नको. त्यानंतर कायद्याची परीक्षा, शहराची परीक्षा, आणि शेवटी समोर बसवून विचारपूस.

"तुमच्याच जातीचा, तुमच्याच भाषेचा माणूस मिळाला नाही का?" मोरेश्वरांनी विचारलं.

"पुष्कळ मिळाले. सगळ्यांना पोलिसांनी दंडाच्या चिठ्ठ्या फाडल्यात." कुरोइवा-सानांनी वाटी तोंडाला लावून रस संपवला. "तुझ्या नावावर एकही नाही. मी चौकशी केलीय. शिवाय साचिको-सानांचं मला माहीत आहे."

साचिकोचं असं होतं की दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठ ते साडेबारा तिला टेकडीवरच्या इस्पितळात यंत्राला जोडून घ्यावं लागे. जाताना ती ठीक असे. येताना पाय कापसाचे होत. कंपनीची पाळी म्हणजे एक दिवस सकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी पहाटे दोनपर्यंत, मग एक दिवस सुट्टी, पुन्हा पाळी, आणि दोन पाळ्यांनंतर एक सुट्टी जास्त. त्यामुळे आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, तिला एकटीला बसने यावं लागे. टेकडी उतरणारी बस, मग पूल, मग बस बदलायची. मागच्या हिवाळ्यात ती बसथांब्यावर बसली ती उठलीच नाही. शाळेच्या पोरांनी उचलून बाकावर निजवलं होतं.

कोजिन परवाना मिळाला तर ते तिन्ही दिवस मोरेश्वरांचे झाले असते. एवढंच. बाकी दिवा, नाव, मान, ते सगळं वरचं.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं तेव्हा साचिको डाळीला फोडणी देत होती. सासूबाई आठ महिने योकोहामात राहून गेल्या, त्यांच्याकडून ती मराठी शिकली होती, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे साठ वर्षांच्या कोकणी बाईचं मराठी होतं.

"अहो, म्हणजे मी आपली गाडीतून येणार?"

"आपल्या."

"मागे बसून?"

"पुढे बस की."

"पुढे नाय. मागेच बसणार. राणीसारखी."

बावीस वर्षांची मुलगी रेखा, शाळेत आणि नोकरीत रेइका, टेबलाशी बसून पेपर वाचत होती. ती जपानीत म्हणाली, "बाबा, विचारपुशीला जाताना तो मिशांना तेल लावायचा प्रकार करू नका."

मे महिन्यात अर्ज गेला.

जूनच्या एका मंगळवारी, दहाच्या सुमारास, मोरेश्वर बंदराजवळ गाडी पुसत असताना कंपनीच्या रेडिओवर आवाज आला. "मोरे-सान, तुमच्या घरून निरोप. साचिको-सान म्हणतात, मधुरिमाचे दिवस भरले. ताबडतोब जा. पत्ता तुम्हाला माहीत आहे म्हणे."

मधुरिमा पुण्याची. तिचा नवरा अनुराग एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कामावर इथे आला होता, आणि त्या आठवड्यात नेमका नागोयाला गेला होता. दोघंही गणपतीला तांडेलांच्या घरी येत. मोरेश्वर पोचले तेव्हा ती इमारतीच्या दाराशी भिंतीला धरून उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली.

"काका, मला वाटलं अजून दहा दिवस आहेत."

"त्याला वाटलं नसेल. बस, सावकाश. दार मी लावतो, तू हात लावू नकोस."

जपानी टॅक्सीचं मागचं दार ड्रायव्हरच्या हाताशी असलेल्या दांडीने उघडतं आणि मिटतं. दार मिटलं. आता मोरेश्वरांचा उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा मीटरकडे जायला हवा होता. ते अजूनही मुंबईच्या बोलीत 'मीटर पाडणं' म्हणत, जरी इथे आता नुसतं एक बटण दाबायचं असे. बटण दाबलं की काचेतली 'रिकामी' अशी लाल पाटी विझते आणि भाडं सुरू होतं.

हात मीटरपर्यंत गेला आणि परत आला.

"काका, मीटर…" मागून मधुरिमा म्हणाली. ती कळा देतानाही पुण्याची होती.

"गप बस. श्वास घे."

"नाही, पण तुमचं नुकसान…"

"माझ्या वडिलांची खाडीवर तर होती, माणसं पलीकडे नेणारी नाव. माहीत आहे?"

"नाही… आई गं."

"लोकल बोर्डाचा परवाना होता. बोर्डाने भाड्याची पाटी रंगवून दिलेली. माणसाला इतकं, बैलाला इतकं, हाऱ्याला इतकं. आणि पाटीच्या खाली माझ्या बापाने स्वतः कोळशाने लिहिलेलं, जड पावलांच्या बाईला काही नाही. बोर्डाचा माणूस दर वर्षी येऊन ते पुसायचा. बाप दर वर्षी परत लिहायचा. आलं इस्पितळ. श्वास घे."

सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. इस्पितळाच्या दाराशी नर्स खुर्ची घेऊन आली, मोरेश्वरांनी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, आणि मधुरिमा आत गेली. ते वळले तेव्हा गाडीपुढे एक माणूस उभा होता. दंडाला हिरवी पट्टी, हातात कागद लावलेलं पॅड. शहरातल्या टॅक्सींवर नजर ठेवणाऱ्या केंद्राचा निरीक्षक. असे लोक स्टेशनांवर आणि इस्पितळांच्या रांगांशी उभे असतात हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं.

निरीक्षकाने काचेकडे बोट केलं. 'रिकामी' ही लाल पाटी लखलखत होती.

"प्रवासी उतरला. पाटी पेटलेली. मीटर शून्य."

"ती बाळंत होते आहे," मोरेश्वर म्हणाले.

"ते मला दिसलं. अभिनंदन." तो मनापासून म्हणाला आणि लिहू लागला.

रांगेतल्या पहिल्या टॅक्सीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "काय मोरे-सान, एन्तोत्सु? या वयात?"

एन्तोत्सु म्हणजे धुराडं. जुन्या काळी मीटरला लोखंडी झेंडी असे. आत प्रवासी आणि झेंडी मात्र उभी, म्हणजे ड्रायव्हरने भाडं खिशात घातलं आणि कंपनीला दाखवलं नाही. उभ्या झेंडीवरून ते नाव पडलं. टॅक्सीवाल्यांच्या जगात त्याहून घाण शिवी नाही. अपघात करणाऱ्याशी लोक बोलतात. धुराड्याशी बोलत नाहीत.

मोरेश्वरांनी हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

दुसऱ्या दिवशी, सुट्टी असूनही, हिराइदे-सानांनी त्यांना बोलावून दार लावून घेतलं.

"तुम्ही पैसे घेतले नाहीत हे मला माहीत आहे. रेडिओवरून आपणच पाठवलं होतं तुम्हाला. पण मोरे-सान, मला एक सांगा. मीटर पाडून मग पैसे स्वतःच्या खिशातून का नाही भरलेत? आमच्यातला कुणीही तेच करतो. बहिणीला नेलं तरी."

हा रस्ता मोरेश्वरांना आदल्या दिवशी दिसलाच नव्हता. खरंच दिसला नव्हता. आता समोर ठेवल्यावर इतका सरळ होता की त्यांचे कान तापले.

"असू दे," हिराइदे-सान म्हणाले. "माफीपत्र लिहा. घाईत मीटर दाबायला विसरलो. विसरणं म्हणजे हलगर्जीपणा. त्याला ताकीद देऊन मिटतं, ते उल्लंघनात मोजत नाहीत. पण मुद्दाम दाबला नाही असं लिहिलंत तर ते उल्लंघन. मग तुमचा कोजिन…" त्यांनी हात हवेत हलवला.

"पण मी विसरलो नव्हतो."

"मला ऐकू आलं नाही," हिराइदे-सान म्हणाले, आणि कोरा कागद पुढे सरकवला.

माफीपत्र हाताने लिहायचं असतं, आणि मोरेश्वरांचं जपानी अक्षर दुसरीतल्या पोराचं. ते नेहमीप्रमाणे रेखाकडे आलं. टेबलाशी तिघं बसली. रेखाने पेनाचं टोपण काढलं.

"घाईच्या प्रसंगी, अनवधानाने, मीटरचं बटण दाबण्यास विसरलो," ती लिहिता लिहिता जपानीत वाचत होती. "यापुढे असे घडणार नाही. पुढे काय?"

"रेखा, थांब."

"बाबा, कृपा करून आजोबांची गोष्ट नको."

"गोष्ट नाही. पण खोटं कागदावर…"

साचिकोने त्यांचा हात धरला. तिच्या मनगटाच्या वर सुयांनी शीर फुगून दोरीसारखी झाली होती. "अहो. तुम्ही विसरत नाय, हे मला ठाऊक. तुमच्या मुलीला ठाऊक. कचेरीला कशाला ठाऊक व्हायला हवं? लिहा."

त्यांनी तिच्या शिरेकडे पाहिलं. मग खिशातून सहीऐवजी वापरायचा लाकडी शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि रेखाने दाखवलेल्या जागी उमटवला. शिक्का थोडा तिरपा उठला.

"चालेल," रेखा म्हणाली. "विसरणाऱ्या माणसासारखाच आहे."

कुणी हसलं नाही.

मधुरिमाला मुलगी झाली. नाव ओजस्वी. महिन्याने अनुराग पेढे घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"काका, मला सगळं कळलं. मी लेखी देतो. भाडं मी नंतर घरी येऊन दिलं असं लिहून देतो. ऑफिसच्या लेटरहेडवर."

"म्हणजे मी खिशात घातलं असं सिद्ध होईल," मोरेश्वर म्हणाले.

अनुरागचा चेहरा उतरला. "सॉरी. मी असा विचार केला नाही."

"कोण करतो? आत ये. पेढे तरी नीट दे."

सप्टेंबरात परीक्षा झाल्या. कायद्यात बरे मार्क पडले, शहरात उत्तम. ऑक्टोबरच्या एका गुरुवारी विचारपूस. मोरेश्वरांनी मिशांना तेल लावलं नाही. कुरोइवा-सान कोट घालून बरोबर आले आणि बाहेरच्या बाकावर बसले.

"आत काय विचारतात?"

"काही नाही. प्रकृती, गॅरेज, बायको. मग म्हणतात, काळजी घ्या. तू फक्त मान हलव."

आत एका लांब टेबलामागे चष्म्याचे एक अधिकारी बसले होते. वयाने मोरेश्वरांएवढे. त्यांनी फाईल शांतपणे उलटली. प्रकृती विचारली, गॅरेजची लांबी विचारली. मग माफीपत्रावर आले.

"विसरलात."

"हो."

"एकोणीस वर्षांत एकदा."

"हो."

"असं होतं." त्यांनी कोपऱ्यात खूण केली आणि पान उलटलं. म्हणजे झालं. मोरेश्वरांचे ताठलेले खांदे सैल झाले. बाहेर कुरोइवा-सान खोकल्याचं ऐकू आलं.

"शेवटचा प्रश्न," अधिकारी म्हणाले. हा ते सगळ्यांनाच विचारत असावेत, कारण ते विचारताना पेनाला लावायचं टोपण चाचपत होते. "कंपनीत तुमच्यावर माणसं आहेत. सकाळी तोंडाचा वास घेणारा आहे, रात्री मीटर तपासणारा आहे. कोजिनमध्ये कुणी नाही. सकाळी तुमची तपासणी तुम्हीच करायची, रात्री मीटरही तुम्हीच बघायचा. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवावा, तो कशावर?"

उत्तर तयार होतं. रेखाने ते लिहून पाठ करून घेतलं होतं. एकोणीस वर्षांचा माझा अनुभव आणि माझं शुद्ध रेकॉर्ड. मोरेश्वरांनी तोंड उघडलं.

"मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

पेन थांबलं.

"काय?"

"मीटर. मी विसरलो नव्हतो. हात नेला आणि मागे घेतला. हे पत्र खोटं आहे. मुलीने लिहिलं, पण तिला मी लिहायला लावलं. शिक्का माझा."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. मग त्यांनी तो तिरपा शिक्का जवळून पाहिला.

"पैसे घेतलेत?"

"नाही."

"पुन्हा अशी बाई गाडीत बसली तर काय कराल?"

"मीटर पाडीन. पैसे मी भरीन."

"मग तेव्हा का नाही केलंत तसं?"

मोरेश्वरांना हे जपानीत कसं सांगावं ते कळेना. तर, बोर्ड, कोळसा, पुसलेली पाटी. शब्द सगळे होते, पण एकामागे एक येईनात.

"तेव्हा मी टॅक्सीत नव्हतो," ते म्हणाले. "वडिलांच्या नावेत होतो."

अधिकाऱ्यांनी हे लिहून घेतलं नाही. त्यांनी फाईल मिटली, उठले आणि वाकून नमस्कार केला, जरा जास्तच वाकून. ते पाहूनच मोरेश्वरांना निकाल कळला.

बाहेर कुरोइवा-सान उभे राहिले. "काय झालं? इतका वेळ?"

"सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

मोरेश्वरांनी सांगितलं. म्हाताऱ्याने हातातल्या टोपीने मोरेश्वरांच्या छातीवर मारलं. एकदा, दोनदा. "गाढवा! त्याने विचारलं होतं का? खूण केली होती ना त्याने? विचारलं होतं का?"

"हो. शेवटी विचारलं."

नोव्हेंबरात पत्र आलं. अर्ज अमान्य. उल्लंघन आणि असत्य लेखी निवेदन. तीन वर्षांनंतर पुन्हा अर्ज करता येईल. कुरोइवा-सानांच्या डोळ्याला तीन वर्षं थांबायला जमणार नव्हतं. डिसेंबरात त्यांचा परवाना कावासाकीच्या एका माणसाच्या नावावर झाला.

साचिकोने पत्र वाचलं. जेवण वाढलं, भांडी घासली, ओटा पुसला. मग ओट्याकडे तोंड करून म्हणाली,

"तुमच्या वडिलांच्या तरीत गावच्या सगळ्या बायका बसल्या."

"साचिको…"

"सगळ्या बसल्या, फुकट. मी बसने जाते."

रेखा आपल्या खोलीतून बाहेर आली, दोघांकडे बघितलं, आणि पुन्हा आत गेली. बरेच दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. मीठ, बिल, कचरा कुठल्या दिवशी कुठला.

जानेवारीपासून मोरेश्वरांनी एक गोष्ट सुरू केली. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. ज्या सोमवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी पाळी असेल, त्या दिवशी दुपारी बाराला ते कुठेही असले तरी टेकडीकडे वळत आणि इस्पितळाच्या टॅक्सी-रांगेत गाडी लावत. रांगेला नियम आहे. पहिल्या गाडीने पहिला प्रवासी घ्यायचा. मागच्याने हाक मारायची नाही, हात करायचा नाही, रांग सोडायची नाही. हिरव्या पट्टीचा निरीक्षक बऱ्याचदा तिथेच असे. पहिल्या वेळी साचिको दारातून बाहेर आली, मोरेश्वर रांगेत पाचवे होते. तिने गाडी ओळखली. ती सरळ बसथांब्याकडे चालत गेली, भिंतीला हात लावत. मोरेश्वर आरशात बघत राहिले. त्यांच्या पुढच्या चार गाड्या हलल्या, पाचव्या, म्हणजे त्यांच्या, गाडीत एक म्हातारा बसला, आणि ते त्याला घेऊन गेले.

असं आणखी दोनदा झालं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी वारा फार होता. साचिको बाहेर आली आणि दाराच्या खांबाला टेकून उभी राहिली. मोरेश्वर रांगेत तिसरे. तिने बसथांब्याकडे पाहिलं. मग ती सावकाश चालत टॅक्सीच्या थांब्यावर आली.

पहिल्या गाडीचं दार उघडलं.

साचिकोने मागे उभ्या असलेल्या बाईला हात केला. "आधी तुम्ही."

"अहो, पण तुमचा नंबर…"

"मला घाई नाही."

दुसऱ्या गाडीचं दार उघडलं. मागे काठी घेतलेले एक गृहस्थ होते.

"आधी तुम्ही."

"तुमचा चेहरा पांढरा पडलाय, बाई. बसा तुम्ही."

"नाही. मला पुढची हवी आहे."

निरीक्षक बघत होता. त्याने पॅड काखेत धरलं होतं. काठीवाले गृहस्थ बसले, गाडी गेली, आणि मोरेश्वर पुढे आले. त्यांनी दांडी ओढली. मागचं दार उघडलं. साचिको आत बसली, ओटीपोटाशी पिशवी धरली आणि डोळे मिटले.

मोरेश्वरांनी आरशात पाहिलं. ते म्हणाले, "कुठे जायचं?"

"मीटर पाडा, ड्रायव्हर-सान," साचिको मराठीत म्हणाली.

त्यांनी बटण दाबलं. काचेतली लाल पाटी विझली. निरीक्षकाने किंचित मान लववली आणि मागच्या गाडीकडे वळला.

गाडी टेकडी उतरली. पुलावर सिग्नल लागला.

"रागावलीयस अजून?"

"प्रवाशांशी बोलू नये. पुढे बघून चालवा."

"बरं."

सिग्नल सुटला. जरा वेळाने मागून आवाज आला. "किती वर्षं म्हणाले ते?"

"तीन. आता दोन वर्षं नऊ महिने."

"तोवर रोज असं दोन गाड्या सोडायच्या?"

"कधी चार सोडाव्या लागतील."

"थंडीत?"

"बाकावर बसत जा. उशी आणून ठेवीन."

"उशी नको. लोक नेतील." थोडं थांबून ती म्हणाली, "त्या मधुरिमाची पोर आता रांगते. मला बघून हसते. दोन दात आलेत."

मोरेश्वरांना रस्ता नीट दिसेनासा झाला होता, आणि ते पुढे बघून चालवत होते.

घराशी साचिकोने मीटरवरचा आकडा वाचला, तेवढे पैसे त्यांच्याजवळच्या, भाडं ठेवायच्या थाळीत ठेवले आणि पावती मागितली. त्यांनी पावती दिली. दांडी ओढून दार उघडलं. ती उतरली, जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढली. मोरेश्वर तसेच थांबले. दुसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि तिथे तिचा हात दिसला, तेव्हा कुठे त्यांनी बटण दाबलं आणि रिकाम्या गाडीची लाल पाटी पुन्हा पेटवली.